मी घेतलेली हायब्रीडची परीक्षा

चहा आधी पिऊन घ्या. मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि तो माझ्याच सदऱ्यावर आला होता.

तर मी सूर्यभान मास्तर. गेवराईला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. चोवीस वर्षं झाली. एवढी वर्षं विज्ञान शिकवल्यावर माणसाला एक रोग जडतो. कुणी काही विचारलं की 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तोंडातून बाहेरच पडत नाहीत. घशात अडकतात. तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतोय. मग ऐका.

उमापूरला माझी सासुरवाडी. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. मामांचं छातीचं ऑपरेशन झालं आणि दर पंधरा दिवसाला त्यांना संभाजीनगरला डॉक्टरांना दाखवायला न्यायची वेळ आली. घरात होती एक जुनी जीप. ती खड्ड्यातून गेली की तिच्यापेक्षा आतला माणूस जास्त वाजायचा! मामा छातीला उशी धरून बसायचे आणि प्रत्येक आदळ्याला डोळे मिटायचे. एकदा पाचोडपर्यंत गेले आणि मेव्हण्याला म्हणाले, "दत्ता, मला हितंच उतरव. मरायचंच आसंल तर झाडाखाली मरतो, ह्या जीपमधी न्हाई."

दत्ता माझा मेव्हणा. मामांचा एकुलता एक मुलगा, शेती बघतो, बोलायला साधा. त्या रात्री तो जेवला नाही म्हणे. सकाळी मला फोन.

"दाजी, गाडी घ्यायची. उंच पायजे, मऊ पायजे, आबाला झोपता आलं पायजे. आन् खेपा लई हायती, म्हणून पेट्रोल कमी खाणारी पायजे. तुमीच सांगा कोणची घेऊ."

आता मला गाड्यांतलं काय कळतं? माझ्याकडं अठरा वर्षांची एक छोटी गाडी आहे. तिचा उजवा दरवाजा आतून उघडत नाही. पण मी काय म्हणालो असेन?

"दत्ता, तू निश्चिंत राहा. मी अभ्यास करतो."

केला की अभ्यास! आठ दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यातून एवढं कळलं की मामांसाठी मधल्या आकाराची हायब्रीड गाडी बरी. हायब्रीड म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आहे आणि बॅटरीवरची मोटारही. त्यातही दोन जाती. एक पक्की हायब्रीड. ती हळू चालताना इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर चालते, पेट्रोल वाचवते, पण महाग. दुसरी सौम्य हायब्रीड. तिच्यात इंजिनच राबतं, मोटार नुसता हातभार लावते. ती स्वस्त, आणि पळायला चपळ.

हे मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हायब्रीड? आवो, जलमभर हायब्रीड ज्वारीची भाकर खाल्ली. गिळत नव्हती. आता गाडीबी तसलीच आनता व्हय?"

इथपर्यंत ठीक होतं. घोटाळा झाला तो आप्पासाहेबांमुळं.

आप्पासाहेब म्हणजे माझे साडू. माझ्या मेहुणीचे मालक, तलवाड्याचे बागायतदार, पांढरे कपडे, तालुक्याच्या राजकारणात ऊठबस. माणूस दिलदार, पण त्यांच्याकडची प्रत्येक वस्तू जगात एक नंबर! त्यांची कपाशी माणसाच्या डोक्यावर जाते. त्यांच्या विहिरीचा तळ आजोबांनी पाहिला होता, नंतर कुणी नाही. त्यांची म्हैस किती दूध देते ते मी सांगत नाही, तुमचा माझ्यावरचा विश्वास उडेल. आणि नेमकी त्यांच्याकडं ती पक्की हायब्रीड होती.

"मास्तर, लिटरला पंचवीस देती. पंचवीस!" आप्पासाहेब म्हणाले.

मी मनात लगेच म्हशीचा नियम लावला. आप्पासाहेबांच्या पंचवीसचे आपले चौदा.

"आप्पासाहेब," मी म्हणालो, "विज्ञानात ऐकीव गोष्टी चालत नाहीत. प्रयोग करावा लागतो."

"करा की! गाडी घेऊन जावा माझी. कुणी आडीवलंय?"

झालं! आमच्या शाळेतल्या एका सरांकडं सौम्य हायब्रीड होती. ती मी दत्तासाठी मागून आणली. बेत असा ठरला: दोन्ही गाड्यांच्या टाक्या गेवराईच्या पंपावर काठोकाठ भरायच्या, माजलगाव-तेलगाववरून सिरसाळ्याला जायचं, तिथं माझ्या आक्काकडं जेवायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. परत त्याच पंपावर टाकी भरायची. जितकं पेट्रोल मावलं तितकं खर्च झालं. मी एका पुठ्ठ्यावर स्केचपेननं तक्ता आखला. मायलेज, पिकअप, आराम, आवाज, असे रकाने. वरती मथळा: 'तुलनात्मक प्रयोग'. बायको, म्हणजे मंगल, तो पुठ्ठा बघून म्हणाली, "परीक्षक कोण?"

"मीच."

"मग परीक्षार्थी नापास," म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

मे महिन्यातला रविवार. आप्पासाहेब स्वतः गाडी घेऊन गेवराईला आले. चावी हातात देता देता म्हणाले, "मास्तर, ही गाडी बंद करताना एक ध्यानात ठेवा..."

मी हात वर केला. मला आजही तो हात डोळ्यांसमोर दिसतो. तोडून टाकावासा वाटतो.

"आप्पासाहेब, मी विज्ञान शिकवतो."

त्यांनी मीटरवरचा प्रवासाचा आकडा शून्यावर आणला आणि म्हणाले, "बरं. जावा."

निघालो आम्ही. पुढं मी, मागं दुसऱ्या गाडीत दत्ता. खरं सांगतो, गाडी लोण्यासारखी! गल्लीतून निघाली तर आवाजच नाही. मला दोन वेळा वाटलं, ढकलतंय की काय कुणी. तेलगावच्या पुढं कांद्याच्या ट्रकला ओलांडायचं होतं. मी पाय दाबला तर आधी इंजिन ओरडलं, मग विचार केला, मग गाडी निघाली. तेवढ्यात दत्ता मागून आला आणि सुळ्ळकन माझ्या आणि ट्रकच्या दोघांच्या पुढं! मी मनातल्या मनात तक्त्यात भरलं: पिकअप, दत्ताची गाडी पास. आणि खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला. आप्पासाहेबांची एक तरी वस्तू दोन नंबरला आली होती.

साडेअकराला सिरसाळा. आक्काच्या दारात गाडी उभी केली. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा चोच वासून सावलीला बसलेला. आत मात्र एसी फुल्ल, मी गारेगार. ब्रेक दाबला, गाडी थांबली, इंजिनचा आवाज नाही. आता तुम्हीच सांगा, अठरा वर्षं एकच गाडी चालवणाऱ्या माणसाला आवाज बंद झाला म्हणजे काय वाटणार? गाडी बंद! बरोबर ना? मी गियर पार्किंगला टाकला आणि उतरलो.

दार लावलं तशी गाडी 'टीं टीं टीं' वाजली.

"काय वं दाजी, काय म्हणती ती?" दत्तानं विचारलं.

"काही नाही रे. निरोप देती मालकाला. महागाची गाडी हाय, संस्कार असत्यात."

मग मी रिमोटचं बटण दाबलं. परत टीं टीं टीं. म्हटलं, चला, लॉक झाली.

आक्काच्या घरी जेवण म्हणजे तुम्हाला सांगायला नको. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, वर आमरस. आमरसाची तिसरी वाटी झाली तेव्हा समोरच्या लिंबाखाली बसलेले एक म्हातारबा दारात आले.

"मास्तर, तुमची गाडी आपआपच घुरघुरती."

मी आमरसाचं बोट चाटत म्हणालो, "बाबा, ते इंजिन गार होतंय. तापलेला धातू आकुंचन पावतो. त्याचा आवाज असतो."

"आकुंचन?"

"हो. आठवीच्या पुस्तकात आहे."

म्हातारबा गेले. दहा मिनिटांनी परत आले.

"मास्तर, आता थांबली."

"म्हणजे आकुंचन पूर्ण झालं."

परत दहा मिनिटांनी आले. "मास्तर, आकुंचन पुन्यांदा सुरू झालं."

आक्का म्हणाली, "भाऊ, बघून तरी ये की."

मी दारातूनच पाहिलं. गाडीच्या खाली पाण्याचं हे एवढं थारोळं. त्यात आक्काच्या कोंबड्या पाणी पित होत्या आणि एक कुत्रं गाडीखाली पाय पसरून झोपलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं की उन्हामुळं रेडिएटरचं पाणी झिरपलंय, चिंतेचं कारण नाही. एवढं बोलून मी आत जाऊन आडवा झालो. आमरसानंतर माणूस उभा राहूच शकत नाही. हेही विज्ञानच.

उठलो तेव्हा चार वाजले होते.

निघताना दत्तानं त्याच्या गाडीचं दार उघडलं तर आतून भट्टीचा झोत आला. बिचाऱ्यानं स्टिअरिंगला हात लावला आणि 'आय आय' करत मागं सरला. मी माझ्या गाडीत बसलो. काय सांगू! आत महाबळेश्वर! सीट गार, स्टिअरिंग गार, पाण्याच्या बाटलीला बाहेरून थेंब आलेले.

दत्ता खिडकीतून डोकावला. "दाजी, साडेचार तास उन्हात उभी, तरीबी तुमची गाडी गार कशी?"

काय उत्तर दिलं असेल मी?

"काचा चांगल्या हायत," मी म्हणालो. आणि पुठ्ठा काढून आरामाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं: 'उष्णतारोधन उत्कृष्ट'.

हसा, हसा.

संध्याकाळी गेवराईचा पंप. दत्ताच्या गाडीत पेट्रोल भरलं, भागाकार केला, लिटरला अठरा. मग आप्पासाहेबांच्या गाडीची पाळी. पंपावरची पाइप टाकीत घातली. लिटरचा आकडा फिरतोय, फिरतोय, थांबायचं नावच नाही. थांबला तेव्हा मी भागाकार केला, परत केला, मग मोबाईलवर केला.

पंधरा!

मित्रहो, त्या क्षणी मी जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो. म्हशीचा नियम सिद्ध झाला होता! मी तिथंच पंपावर उभं राहून घरच्या ग्रुपवर भला मोठा मजकूर टाकला. मथळा दिला, 'हायब्रीड: भ्रम आणि वास्तव'. खाली तक्त्याचा फोटो. शेवटी लिहिलं, 'ऐकीव आकड्यांवर विसंबून घर चालत नसते. दत्ताने सौम्य हायब्रीडच घ्यावी.' मेहुणीनं तो मजकूर वाचला. आप्पासाहेबांनी वाचला. कुणीच काही लिहिलं नाही. नुसता मंगलनं एक अंगठा टाकला. तो कौतुकाचा नव्हता, हे मला घरी गेल्यावर कळलं.

"आप्पासाहेबांनी इश्वासानं गाडी दिली," ती म्हणाली, "आन् तुमी चारचौघात त्यांना खोटं पाडलं. कावून? फोन करून सांगता येत नव्हतं?"

"सत्य हे सत्य असतं, मंगल."

"आसंल. पर माझ्या बहिणीनं तवापास्नं फोन घेतला न्हाई, हेबी सत्यच हाय."

पुढच्या रविवारी दत्ता गाडी नोंदवायला निघणार होता, म्हणून आम्ही उमापूरला गेलो. मामा ओसरीत बाजेवर उशी धरून बसलेले. दत्तानं नवा सदरा घातलेला. निघणार, तेवढ्यात दारात गाडी येऊन थांबली. आवाज न करता! आप्पासाहेब उतरले. मागून मेहुणी. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"मास्तर," आप्पासाहेब म्हणाले, "या जरा. गाडीत बसा."

बसलो. मागं दत्ता, खिडकीशी मंगल. आप्पासाहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे तुमच्या दिवशीचं. गाडी खेपेखेपेचा हिशेब साठवून ठेवती, म्या पुसला न्हाई. वाचा. किलोमीटर किती?"

"एकशे ऐंशी."

"सरासरी वेग?"

मी वाचला. चष्मा पुसून परत वाचला. "ताशी... बावीस."

"बावीस! मास्तर, गाडी चालवली का बैलं जुपली होती?"

"मीटर बिघडलं असेल," मी म्हणालो.

"बरं. गाडी चालू व्हती किती तास, ते वाचा."

"आठ तास... दहा मिनिटं."

"तुमी हाकली किती तास?"

मागून दत्ता भाबडेपणानं म्हणाला, "चारच्या आतच की. मधी तर आक्काकडं झोपलतो आपण."

बास! एवढं वाक्य आणि माझ्या डोळ्यांपुढून सगळी वरात निघाली. टीं टीं टीं. म्हातारबा. आकुंचन. कोंबड्या. कुत्रं. महाबळेश्वर! मी बटण दाबून गाडी बंद केलीच नव्हती. ती मुकाट्यानं बॅटरीवर उभी होती, बॅटरी उतरली की स्वतःच इंजिन चालू करायची, भरली की बंद. साडेचार तास भर उन्हात, दारात उभं राहून, एसी फुल्ल लावून, तिनं कोणालाही गार केलं नाही. एका कुत्र्याला सोडून.

"उष्णतारोधन उत्कृष्ट," मंगल खिडकीतून हळूच म्हणाली.

मी गाडीतून उतरलो ते थेट गोठ्याकडं गेलो. जायला दुसरी जागाच नव्हती. थोड्या वेळानं पांढरे कपडे शेजारी येऊन उभे राहिले. मी वर न बघताच म्हणालो, "आप्पासाहेब, चुकलो. ग्रुपवर माफी मागतो. मोठ्या अक्षरात मागतो."

आप्पासाहेबांनी इकडं-तिकडं पाहिलं. आवाज खाली आणला.

"मास्तर, कुणाला सांगू नका. नवी घेतली तवा म्याबी हेच केलतं. एका लगनात. चार तास. आन् वर ड्रायव्हरला शिव्या दिल्या पेट्रोल चोरलं म्हणून. बिचारा रडला वं. मग त्याला मिठाई नेऊन दिली."

मला भडभडून आलं. "अहो, मग तुम्ही मला आधी सांगायचं नाही का?"

"सांगतच व्हतो की! तुमीच हात वर केला. म्हणलात, मी विज्ञान शिकवतो."

 गोठ्यातल्या गाईनंसुद्धा मान फिरवली.

"आन् एक सांगू?" आप्पासाहेब खाकरले. "पंचवीस बी न्हाई देत ती. बावीस-तेवीस देती. मला जरा... सवय हाय."

मी त्यांचा हात धरला. चौदा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं साडू एकमेकांना खरं बोललो होतो, तेही गोठ्यात.

बाहेर आलो तर ओसरीतून मामांचा आवाज. "आरं, मला कुणी इचारनार हाय का न्हाई? बसायचं मला हाय ना? मला बसवा की त्या गाडीत."

खरंच की! एवढा अभ्यास, पुठ्ठा, पंप, ग्रुप, आणि ज्याच्यासाठी गाडी त्या माणसाला कुणी बसवूनच पाहिलं नव्हतं. दत्तानं त्यांना हळूच पुढं बसवलं, सीट मागं पाडली, छातीवर उशी दिली. चालवायला आप्पासाहेब. मागं मी, मंगल आणि दत्ता. मेहुणी दारात उभी होती. तिनं आता माझ्याकडं बघितलं, आणि लगेच पदर तोंडाला लावला. रागानं नव्हे, ते खांद्यांवरून कळत होतं.

गाडी गल्लीतून निघाली. उमापूरचे खड्डे तुम्हाला माहीत नाहीत, माहीत नसलेलेच बरे. मामा सवयीनं डोळे मिटून, उशी आवळून बसले. एक खड्डा गेला. दुसरा गेला. मामांनी एक डोळा उघडला.

"आप्पासाहेब, चालू करा की आता गाडी."

"मामा, चालू हाय. आपण येशीपर्यंत आलोत बी."

मामांनी बाहेर पाहिलं. वेस खरोखर मागं पडत होती. त्यांची बोटं उशीवर सैल झाली. ती सैल झालेली बोटं दत्तानं मागून पाहिली आणि म्हणाला, "हीच घ्यायची." पुढं त्यानं तीच घेतली. माझ्या तक्त्यातला एकही रकाना न बघता.

पण मामांचं समाधान झालं नव्हतं. मान मागं वळवून ते मलाच विचारायला लागले. "जावाईबापू, तुमी इज्ञानाचे. मला सांगा, काम तर चालू हाय, मग आवाज कसा न्हाई?"

मी घसा साफ केला. तोंड उघडलं. विद्युत मोटार, चुंबकीय क्षेत्र, सगळं जिभेवर आलं होतं.

मंगल माझ्या आधी बोलली.

"आबा, यात काय नवल? मी चोवीस वर्षं झाली, आवाज चालू आन् काम बंद असलेलं बघती हाय. त्याचं इज्ञान तुमी कधी इचारलं न्हाई!"

आप्पासाहेबांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली, कारण हसून त्यांना रस्ता दिसेना. दत्तानं सीटवर डोकं आपटलं. आणि मामा! ऑपरेशन झाल्यापासून तो माणूस हसलाच नव्हता. उशी पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी गाळत म्हणायला लागले, "आगं मंगल, गप बस, टाके दुखत्यात! आगं, गप बस!"

आणि मी? मी उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच माझं इंजिन वेळेवर बंद झालं.